साक्षीपुराव्याची रुजवात



वैद्यकातील एखाद्या शोधाची कथा सांगितली की श्रोत्यांचे कुतूहल जागे होते, आणि शल्यकर्माच्या नैपुण्याचे वर्णन केले की ते स्तिमित होतात. परंतु नवा शोध न लावता, कोणाची नाडी न पाहता, जगभर झालेल्या संशोधनांचे कागद गोळा करून, त्यांतील अस्सल कोणते आणि कमअस्सल कोणते यांची छाननी करून, ‘या उपायाने माणसे वाचतात की नाही’ एवढ्या एकाच प्रश्नाचा निर्णय लावण्यात कोणी उमेदीची वर्षे घालविली, तर त्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे कोणालाही वाटावे. मी ज्या कामात आयुष्य वेचले ते हेच काम होय. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू या नावाने ते जगात ओळखले जाते. आपण त्याला पद्धतशीर समालोचन म्हणू. हे काम विद्वत्तेचे कमी आणि न्यायदानाचे अधिक आहे, आणि ज्या साक्षीदाराला न्यायासनापुढे कधी बोलावलेच नाही त्याच्यासंबंधी दिलेला निवाडा अपुरा असतो, हा माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या तालुक्याचा या प्रश्नाशी संबंध आहे, आणि तो जवळचा आहे, हे मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

१

एकाच प्रश्नावर दहा ठिकाणी दहा अभ्यास होतात, आणि त्यांची उत्तरे क्वचितच जुळतात. कोठे रुग्ण थोडे असतात, कोठे औषध कोणाला द्यावयाचे हे ठरविताना नकळत पक्षपात झालेला असतो, तर कोठे मनासारखा निष्कर्ष न आल्यामुळे सारे दप्तरच बासनात बांधून ठेवलेले असते. अशा वेळी ज्याला जे रुचेल ते त्याने उचलावे आणि बाकीचे सोडून द्यावे, ही विद्वानांची फार जुनी खोड आहे. तिच्यावर इलाज करण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. १७४७ साली जहाजावरील खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर तुलनात्मक प्रयोग करणाऱ्या जेम्स लिंड याने १७५३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्या रोगावर पूर्वी कोणी काय लिहिले याचा साधकबाधक परामर्श त्याने त्यात घेतला होता. १९०४ साली कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने विषमज्वराच्या लशीसंबंधीचे आकडे एकत्र मांडले, आणि त्यांत दक्षिण आफ्रिकेतील सैन्याबरोबर हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींचेही आकडे होते. ते परस्परांशी इतके विसंगत निघाले की लशीचा सरसकट अंमल करण्याआधी अधिक काटेकोर प्रयोग व्हावेत, असा अभिप्राय त्याने दिला.

या शास्त्राला आजचे रूप ज्यांच्यामुळे आले त्यांत दोन नावे अग्रगण्य आहेत. आर्ची कॉक्रन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात असा आग्रह धरला की सार्वजनिक पैशातून जे उपचार द्यावयाचे ते परिणामकारक असल्याचे नीट सिद्ध झालेले असले पाहिजे. आणि वैद्यकाच्या प्रत्येक शाखेने आपल्या सर्व नियंत्रित चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा काढून तो वेळोवेळी अद्ययावत ठेवला नाही, हा आपल्या व्यवसायाला लागलेला बोल आहे, असे त्यांनी १९७९ साली लिहिले. दुसरे इयन चाल्मर्स. तरुणपणी ते गाझा पट्टीतील निर्वासितांच्या वस्तीत डॉक्टर होते. गोवर हा विषाणूचा रोग असल्यामुळे त्यात प्रतिजैविके उगाच देऊ नयेत, ही आपल्याला मिळालेली शिकवण प्रमाण मानून ते वागले. आणि गोवरानंतर उद्भवणारे जिवाणूंचे उपद्रव प्रतिजैविकांनी टळू शकतात असे दर्शविणाऱ्या अनेक नियंत्रित चाचण्या त्यापूर्वीच छापून झाल्या होत्या, हे त्यांना पुढे कळले. ग्रंथालयातील ज्ञान खाटेपर्यंत न पोचल्यामुळे मुले दगावतात, या जाणिवेतून त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली, आणि १९९३ साली ऑक्सफर्ड येथे कॉक्रन यांच्या नावाने अशी समालोचने करणारा एक जागतिक सहयोग उभा राहिला. आपल्याकडे या कार्याचा वसा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. प्रताप थर्यन यांनी घेतला, आणि तेथे दक्षिण आशियासाठी कॉक्रनचे केंद्र चालविले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने खर्च सोसल्यामुळे २००७ साली या समालोचनांचे कॉक्रन ग्रंथालय भारतातील कोणाही नागरिकाला विनामूल्य खुले झाले.

या कामाची रीत थोडक्यात सांगतो, कारण त्याची सारी प्रतिष्ठा त्या रीतीत आहे. प्रश्न कोणता, कोणते अभ्यास ग्राह्य धरावयाचे आणि कोणते अग्राह्य, हे कागदपत्र उघडण्यापूर्वीच लिहून जाहीर करावे लागते, म्हणजे उत्तर पाहून मागाहून नियम फिरविता येत नाहीत. मग प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध अशा सर्व अभ्यासांचा तपास करावयाचा. दोघांनी परस्परांपासून अलग बसून तेच कागद वाचावयाचे, आणि जेथे दोघांचे मत फुटेल तेथे रुजवात घालून तिसऱ्याचा कौल घ्यावयाचा. प्रत्येक अभ्यासात पक्षपाताला वाव कोठे राहिला ते नमूद करावयाचे. आकडे एकत्र करण्याजोगे असतील तरच एकत्र करावयाचे. आणि शेवटी आपल्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा, तेही प्रांजळपणे सांगावयाचे. यात प्रतिभेचे चमत्कार नाहीत. फिर्यादीचे म्हणणे जितक्या शांतपणे ऐकावे तितक्याच शांतपणे आरोपीची कैफियत ऐकणाऱ्या न्यायाधीशाची वृत्ती मात्र येथे अंगी बाणवावी लागते.

२

विदर्भाच्या मातीतून उगवलेल्या पुराव्याचे उदाहरण प्रथम घेतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली, आणि तेथील खेड्यांत नवजात अर्भके कशाने दगावतात याचा त्यांनी घरोघर छडा लावला. रुग्णालय दूर, रस्ते दुर्गम, आणि आजारी तान्हे मूल घराबाहेर काढण्याची रीत नाही, अशा परिस्थितीत गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, अर्भकाचे वजन, ऊब, स्तनपान यांची देखरेख आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाची इंजेक्शनेसुद्धा घरीच देण्याची व्यवस्था त्यांनी केली. ३९ गावांत हा उपक्रम चालला, आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले, तर तुलनेच्या गावांत ते ५९.६ राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या पत्रिकेत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

आपल्या प्रांताचा अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी आहे, पण अभिमानाला पुराव्याचे स्थान देता येत नाही. एका जिल्ह्यातील, एका निष्ठावंत जोडप्याच्या नजरेखाली झालेला अभ्यास, आणि तोही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसताना झालेला, इतरत्र तितकाच फळाला येईल काय, हा प्रश्न विचारणे समालोचकाचे कर्तव्यच होते. पुढे उत्तर प्रदेश, बांगलादेश, पाकिस्तान येथे तशाच धर्तीच्या चाचण्या झाल्या. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांतील पाच चाचण्यांचे समालोचन प्रसिद्ध झाले, आणि गृहभेटींनी नवजात मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटतात असा निष्कर्ष निघाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी गृहभेटींचा संयुक्तपणे पुरस्कार केला होताच. २०११ मध्ये भारत सरकारने नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम आशा कार्यकर्तीकडे सोपविले. आज आर्णी तालुक्यातील एखाद्या घरी बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जी आशाताई दारात उभी राहते, तिच्या येण्यामागे ही सारी साक्षपरंपरा उभी आहे.

आणि तरीही फाईल बंद झाली नाही. २०१३ साली घाना देशातील एका मोठ्या चाचणीचा वृत्तांत आला, आणि सरकारी यंत्रणेमार्फत चालविलेल्या कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र मांडल्या असता मृत्यूंतील घट सुमारे १२ टक्केच भरली. उपाय तोच, तत्त्वही तेच. परंतु ध्येयवादी संस्थेच्या हातून होणारे काम आणि रिक्त पदे, अपुरा औषधसाठा व अहवालांचे ओझे यांतून वाट काढणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून होणारे काम यांच्या फलात अंतर पडले. हे अंतर समालोचनाने उघड केले नसते, तर योजनेचा फतवा निघाला म्हणजे कार्य सिद्धीस गेले अशा समजुतीत आपण राहिलो असतो.

३

दुसरे उदाहरण उलट दिशेने प्रवास केलेल्या पुराव्याचे, म्हणजे सातासमुद्रापलीकडून विदर्भात आलेल्या औषधाचे. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हौवी यांनी दाखवून दिले की अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या स्त्रीला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास अर्भकाची फुप्फुसे लवकर पक्व होतात आणि ते वाचण्याचा संभव वाढतो. त्यानंतर चाचण्यांमागून चाचण्या झाल्या, परंतु त्या सर्वांची एकत्र मांडणी १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नीट झालीच नाही. त्यामुळे हे स्वस्त औषध असताना ज्यांना ते मिळाले नाही अशी अगणित अर्भके दरम्यानच्या काळात गेली. कॉक्रन सहयोगाचे बोधचिन्ह ज्या आलेखावरून काढले आहे तो याच चाचण्यांचा आलेख आहे. आपल्या शास्त्राला याहून मोठा विजय नाही, असे आम्ही सारे मानीत होतो.

पुढे हे औषध गरीब देशांतील खेड्यांतही पोचवावे असा विचार निघाला, आणि सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांचा समावेश असलेली एक प्रचंड चाचणी झाली. तिच्यातील भारताची दोन ठिकाणे नागपूर आणि बेळगाव ही होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष अनपेक्षित आणि गंभीर होते. ज्या अगदी लहान अर्भकांसाठी हा खटाटोप, त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट एकंदर अर्भकांत हजार जन्मांमागे साडेतीन मृत्यू अधिक झाले, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढले. दिवस नेमके किती भरले आहेत हे खेड्यात निश्चित सांगता येत नसल्यामुळे पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झालेल्या अनेक स्त्रियांनाही औषध दिले गेले, आणि जन्मल्यावर अर्भकाला सांभाळणारी सुसज्ज व्यवस्थाही सर्वत्र हाताशी नव्हती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अटी घातल्या: गर्भाचे वय खात्रीने ठरविता यावे, मातेला संसर्ग नसावा, आणि अकाली जन्मलेल्या बाळाची शुश्रूषा करण्याची सोय असावी, तरच हे औषध द्यावे. भारतासह पाच देशांतील अशा सोयी असलेल्या रुग्णालयांत पुन्हा चाचणी झाली, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध न मिळालेल्या गटातील २३.५ टक्के अर्भके दगावली असता औषध मिळालेल्या गटात ते प्रमाण १९.६ टक्के आढळले.

म्हणजे पूर्वीचा निवाडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. ज्या रुग्णालयांनी साक्ष दिली होती त्यांच्यापुरता तो खराच होता, परंतु नागपूर-बेळगावच्या खेड्यांतील बाळंतिणींची साक्ष त्यात नोंदलेली नव्हती, आणि ती नोंदली गेली तेव्हा निवाड्याला मर्यादा घालणे भाग पडले. माझ्या सबंध कारकीर्दीत मला या एका प्रकरणाइतके कशानेच शिकविले नाही.

४

आता मी आपल्या तालुक्याच्या दाराशी येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते आपणांस मी सांगावे असे नाही. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन, अनेकदा दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण करून फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर शेकड्यांनी विषबाधित होऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले, आणि वीसच्या वर माणसे प्राणांस मुकली. सरकारने चौकशी बसविली. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदीही आली.

अशा रुग्णाला काय द्यावे, यावर शास्त्र काय म्हणते? ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे विष शरीरातील एका महत्त्वाच्या विकराला निकामी करते. त्यामुळे लाळ, घाम व कफ अनावर होतात, श्वास कोंडतो, स्नायू लुळे पडतात. अ‍ॅट्रोपिन हा त्यावरील सर्वमान्य उतारा आहे. दुसरा उतारा प्रालिडॉक्सिम, डॉक्टर ज्याला ‘पॅम’ म्हणतात. निकामी झालेल्या विकराला पुन्हा कामाला लावणे हा त्याचा हेतू. २००६ साली बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पॅमची मोठी मात्रा सतत शिरेवाटे दिलेल्या गटात एक टक्का रुग्ण दगावले, तर चार-चार तासांनी मात्रा दिलेल्या गटात आठ टक्के. महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी इतक्या काळजीपूर्वक झालेले हे काम वंदनीय आहे. परंतु २००९ साली श्रीलंकेतील चाचणीचा वृत्तांत आला: पॅम मिळालेल्या १२१ रुग्णांपैकी ३० दगावले, आणि केवळ सलाईन मिळालेल्या ११४ पैकी १८. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता, पण औषधाच्या बाजूने तर तो नव्हताच. २०११ साली कॉक्रनच्या समालोचनाने सर्व चाचण्या तपासून असा निर्वाळा दिला की हे औषध हितकारक की अहितकारक हे सांगण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही.

असा निर्वाळा ऐकून मध्यरात्री खाटेजवळ उभा असलेला तरुण डॉक्टर निराश होईल, हे मी जाणतो. तरीही ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिकपणे सांगणे हीच येथे रुग्णाची सेवा आहे, कारण अज्ञानाची सीमा स्पष्ट आखली म्हणजेच पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. बारामती आणि श्रीलंका या दोन्ही ठिकाणची विषे सारखी नव्हती, रुग्णालयात पोचण्यास लागलेला अवधी सारखा नव्हता, अतिदक्षतेची सोय सारखी नव्हती. औषधाचे फळ यांवर अवलंबून असेल काय, हे अजून उलगडावयाचे आहे. शिवाय या चाचण्यांतील रुग्ण मुख्यतः विष पोटात गेलेले होते. यवतमाळच्या शेतात कातडीवाटे व श्वासावाटे तासन् तास मिश्र विषे शोषणारा फवारणी-मजूर त्या दप्तरात जवळजवळ नाहीच. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिल ही २०१७ मध्ये चर्चेत आलेली द्रव्ये तर ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीही नव्हेत. त्यांना पॅमचा उतारा लागू पडण्याचे कारणच नाही. म्हणून रुग्णाबरोबर रिकामा डबा किंवा त्याची चिठ्ठी दवाखान्यात आणणे ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक असली तरी उपचाराची दिशा तिच्यावर ठरते.

उतारा शोधण्याहून विष दूर ठेवणे श्रेयस्कर, आणि त्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट बोलतो. कीटकनाशक पिऊन केलेल्या आत्महत्यांत जगात दर वर्षी सुमारे १ लाख १० हजार ते १ लाख ६८ हजार माणसे जातात, असा अंदाज २०१७ सालच्या एका समालोचनाने दिला. घरोघर कीटकनाशकांसाठी कुलूपबंद पेट्या वाटाव्यात, हा उपाय कोणालाही पटेल असा होता; परंतु श्रीलंकेतील १८० गावांत त्याची कसोटी घेतली असता त्याचा काही उपयोग झाल्याचे दिसले नाही. उलट त्याच देशाने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढून टाकली, तेव्हा दहा वर्षांत एकंदर आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि शेतीचे उत्पन्न त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. अनेक देशांच्या अनुभवांचे समालोचनही राष्ट्रव्यापी बंदीच्याच बाजूने कौल देते. सद्‌बुद्धीने सुचलेला उपाय व्यर्थ ठरू शकतो, आणि कठोर वाटणारा उपाय माणसे वाचवितो, हे केवळ तर्काने कळले नसते.

५

यातून आर्णीकरांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की कोणत्याही एका अभ्यासाच्या आधारावर, मग तो आपल्या मातीतला असो की विलायतेतला, आपल्या जिवाचा सौदा होऊ देऊ नये. औषधविक्रेता, अधिकारी किंवा माझ्यासारखा वक्ता एखाद्या उपायाची शिफारस करू लागला, तर याच्या बाजूचे आणि विरुद्धचे सर्व पुरावे कोणी एकत्र पाहिले आहेत काय, असे त्याला विचारण्याचा अधिकार आपणांस आहे.

दुसरी गोष्ट अधिक कष्टाची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एकाच पद्धतीने झाली पाहिजे: द्रव्य कोणते, संपर्क फवारणीतून की पोटातून, संपर्काची वेळ, दवाखान्यात पोचण्याची वेळ, उपचार आणि अखेरचा परिणाम. नाव गुप्त ठेवून ही जंत्री संशोधकांना खुली झाली, तर पुढील समालोचनात यवतमाळचा मजूर गैरहजर राहणार नाही. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती डॉक्टर, परिचारिका, आशाताई, कृषी सहायक आणि ग्रामपंचायत यांची एकवाक्यता.

आणि तिसरी गोष्ट: कोणते प्रश्न शोधावयाचे ते केवळ राजधान्यांतून ठरू नये. सालदाराला फवारणीचे काम नाकारता येईल अशी मजुरीची व्यवस्था झाल्यास विषबाधा घटेल काय. विदर्भाच्या उन्हात अंगावर खरोखर वापरता येईल असे संरक्षक कपडे कोणते. फवारणीच्या हंगामात तालुक्याच्या रुग्णालयात कोणती सज्जता असावी. हे प्रश्न जे स्वतः जगतात त्यांच्याच तोंडून ते यावयास हवेत.

तरुणांपैकी कोणाला या कामाकडे वळावेसे वाटले तर मी त्याला आवर्जून उत्तेजन देईन. या मार्गात कीर्ती बेताची आणि चिकाटी फार लागते. आपले लाडके मत आपल्याच हातांनी खोडण्याची तयारी ठेवावी लागते. आणि वर्षानुवर्षांच्या परिश्रमानंतर ‘पुरावा अपुरा’ एवढाच अभिप्राय देऊन थांबावे लागते. परंतु ज्या निवाड्यावर अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून असतात तो निष्पक्ष व्हावा, आणि नवा साक्षीदार आला तर तो पुन्हा उघडावा, एवढ्यासाठी झटणे हे मला आयुष्य सार्थकी लागल्याचे पुरेसे प्रमाण वाटते. तो नवा साक्षीदार होण्याचा हक्क आर्णीच्या शेतकऱ्याचा, मजुराचा आणि बाळंतिणीचा आहे. त्यांची जबानी यथातथ्य नोंदवून ती जगाच्या दप्तरी दाखल करणे हे तुमचे आणि माझे काम आहे, आणि ते आपण हाती घ्यावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.